पीएचडीसाठी बातम्या आणि फेसबुकवरच्या कमेंट स्क्रॅप केल्या, नावं काढून टाकली, तर चालेल का?

तुम्ही वाशीच्या आहात, मराठी दैनिकांच्या साइटवरच्या बातम्या आणि लोकल प्रवाशांच्या फेसबुक ग्रुपमधल्या कमेंट स्क्रॅप करून, म्हणजे प्रोग्रॅम लावून आपोआप उतरवून, भाषेचा अभ्यास करायचाय, असं लिहिलंय. मी ठाण्यात राहतो. मराठी मजकुराच्या डेटावर काम करतो, पण वकील नाही, एवढं धरून वाचा.

बातम्यांचं त्यातल्या त्यात सोपं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टेक्स्ट मायनिंगसाठी, म्हणजे ढीगभर मजकुराचं संगणकाने विश्लेषण करण्यासाठी, वेगळी सवलत नाही. ब्रिटनने ती २०१४ मध्ये दिली, युरोपीय संघाने २०१९ मध्ये, आणि जपानने २०१८ च्या दुरुस्तीत ती आणखी व्यापक केली. आपल्याकडे कलम ५२ आहे: संशोधनासह वैयक्तिक वापरासाठी ‘फेअर डीलिंग’, म्हणजे परवानगी न घेता रास्त वापर. स्वतःच्या लॅपटॉपवर शब्द मोजणं त्यात बसवता येतं. अख्ख्या बातम्यांची फाइल गिटहबवर (कोड आणि डेटा सगळ्यांसाठी ठेवायची साइट) चढवणं मात्र पुनर्प्रकाशनच. तिथे आकडे, शब्दजोड्या आणि लिंक द्या. लॉगिन किंवा पैसे भरायची भिंत चुकवून काही उतरवू नका, परवानगीशिवाय डेटा उतरवण्यावर आयटी कायद्याचं कलम ४३ आहे. जुनं साहित्य हवं असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी ते मोकळं होतं. हरी नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, त्यांचं बिनधास्त घ्या, फक्त नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा सोडून. (ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं आहे. एकदा जाऊन या, स्क्रॅपरपेक्षा बरं.)

खरी गोम कमेंटमध्ये आहे.

मी असाच एक अभ्यास केला होता. नावं काढून ‘सदस्य १२’ वगैरे केलं आणि एका कॉलेजच्या चर्चासत्रात स्लाइडवर कमेंट जशीच्या तशी लावली. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून (नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्यांना सिडकोच्या योजनेत मिळणारा भूखंड) कोणीतरी चिडून लिहिलेली, आगरी वळणाची. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “अहो सर, हे तर आमच्या गावातले काका.” बोली, गाव आणि जमिनीचं दुखणं, तिन्ही एकत्र आल्यावर नावाची गरज काय? बाकीच्या कमेंटही तपासल्या. त्यातलं वाक्य जसंच्या तसं सर्चमध्ये टाकलं की बरेचदा मूळ पोस्ट नावासकट समोर. इंग्रजीत असं होतंच, पण आपल्याकडे एका क्रियापदावरून तालुका आणि जातसुद्धा ओळखणारी माणसं आहेत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. संशोधनाला त्यात अटींसह सूट आहे, आणि माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. पण सभासद झाल्याशिवाय दिसत नाही असा ग्रुप म्हणजे जाहीर फलक नव्हे. तिथे लोक डब्यातल्या गप्पा मारतात, तुमच्या प्रबंधासाठी बोलत नाहीत.

तेव्हापासून मी कमेंट शब्दशः छापत नाही. व्याकरणाचा नमुना तोच ठेवून वाक्य नव्याने घडवतो, आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगतो. मूळ वाक्यच हवं असेल तर लिहिणाऱ्याला मेसेज करतो. बरेच जण हो म्हणतात, काही शिव्या घालतात, तो त्यांचा हक्क. अ‍ॅडमिनचा होकार म्हणजे सगळ्यांचा होकार नाही, पण त्याच्याकडून ग्रुपवर सूचना टाकून घेता येते. आणि विद्यापीठाची एथिक्स कमिटी असेल तर डेटा उतरवायच्या आधी जा. मी नंतर गेलो होतो, चार महिन्यांचं काम पुसून टाकावं लागलं.