भरलेला एलिव्हेटर उठत नाही, तर मोठी मोटर लावावी का?

भाऊ, ५ एचपीची मोटर लगेच आणू नका. आधी हिशोब करू, कारण तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे.

तुम्ही दिलेली माहिती अशी: अमळनेरजवळची दालमिल, तुरीचा १२ मीटर उंचीचा बकेट एलिव्हेटर (पट्ट्यावर लावलेल्या बकेटांनी माल वर नेणारं यंत्र), पट्टा ओढणारा ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम, ताशी १० टन माल. मोटर २ एचपी, १४४० फेऱ्यांची, डायरेक्ट स्टार्टर, पुढे २० रेशोचा (फेरे २० पटीने कमी करणारा) वर्म गिअरबॉक्स, ज्यात स्क्रूसारखा वर्म दातेरी चाक फिरवतो, आणि मग चेन. माल जास्त निघावा म्हणून गिअरबॉक्सवर १९ दात्यांचं आणि ड्रमवर १३ दात्यांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) बसवलं, पूर्वी दोन्ही सारखे होते. आता लाईट जाऊन आली की भरलेला एलिव्हेटर उठत नाही, मोटरवर ताण आला की ती बंद करणारा रिले ट्रिप होतो.

पहिलं पाहायचं ते लोडकडे, मोटरकडे नंतर. पूर्वी ड्रम १४४० भागिले २० म्हणजे ७२ फेरे फिरत होता आणि पट्टा सेकंदाला साधारण १.५ मीटर चालत होता. ताशी १० टन म्हणजे सेकंदाला २.७८ किलो. त्याला १.५ ने भागलं की पट्ट्याच्या दर मीटरवर १.८५ किलो माल येतो, म्हणजे १२ मीटरवर २२ किलो. त्याचं वजन सुमारे २१८ न्यूटन. ड्रमची त्रिज्या ०.२ मीटर, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, ४४ न्यूटन-मीटर. खाली बूटमधून (एलिव्हेटरचा तळ, जिथे माल पडतो) माल उपसताना आणि बेअरिंगमध्ये जाणारी ताकद धरून मी हा आकडा सरळ दुप्पट करतो. म्हणजे ९० धरा.

आता मोटर काय देते? सूत्र एकच आहे: किलोवॅट गुणिले ९५५०, भागिले फेरे. २ एचपी म्हणजे १.५ किलोवॅट, त्यातून १० न्यूटन-मीटर येतात. २० रेशोने ते २०० व्हायला हवेत, पण वर्ममध्ये घासण्यातच ताकद जाते. या रेशोला ८० टक्के हाती येतात असं धरलं तर १६० मिळतात. ९० च्या कामाला १६०, हे चांगलं होतं. हेलिकल, म्हणजे तिरक्या दात्यांच्या गिअरबॉक्समध्ये एवढी गळती नसते, आणि वर्ममध्ये रेशो जितका मोठा तितकी ती वाढते. कॅटलॉगमधला रेशो बघून टॉर्क काढणारे नेमके इथेच फसतात.

स्प्रॉकेट बदलल्यावर ड्रम ७२ गुणिले १९ भागिले १३, म्हणजे १०५ फेरे फिरू लागला आणि त्याच प्रमाणात टॉर्क उतरला: १६० चे ११० च्याही खाली. सायकलला मागे लहान चक्र लावून चढावर निघाल्यासारखं हे झालं. लाईट गेली की पट्ट्यावरचा माल जागीच लटकून राहतो आणि बूट काठोकाठ भरलेला असतो. तो उपसत सुरुवात करायला चालू मशीनपेक्षा कितीतरी जास्त टॉर्क लागतो. त्यात व्होल्टेज कमी असेल तर आणखी पंचाईत, कारण मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. ४१५ ऐवजी ३५० मिळत असतील तर जेमतेम ७१ टक्के टॉर्क उरतो.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. आताच्या सेकंदाला २.२ मीटर वेगाला ४०० च्या ड्रमवर बकेट तूर लवकर फेकतं. ती हूडवर, म्हणजे एलिव्हेटरच्या वरच्या झाकणावर आपटते, थोडी परत खाली बूटमध्ये पडते आणि तीच पुन्हा उचलावी लागते. वेग वाढला तरी माल त्या मानाने वाढत नाही, उलट चुरी वाढते. दालमिलवाल्याला एचपीपेक्षा हे नुकसान मोठं.

५ एचपी लावली तर त्याच गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टला जवळपास ३९० न्यूटन-मीटर येऊ शकतात. तुमच्या गिअरबॉक्सच्या नेमप्लेटवर किंवा कॅटलॉगमध्ये आउटपुट टॉर्क बघा. २ एचपीसाठी घेतलेला बॉक्स हे बहुधा सोसणार नाही. एखाद्या दिवशी बकेट अडकलं की आज रिले ट्रिप होतो, उद्या वर्मव्हीलचे (गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकाचे) ब्रॉन्झचे दाते जातील. ऑइल काढून बघा, त्यात सोनेरी चकाकी असेल तर झीज आधीच सुरू झालेली आहे.

म्हणून दोन्ही स्प्रॉकेट पुन्हा सारखे करा. १० टनांपेक्षा जास्त माल हवा असेल तर बकेट मोठे घ्या किंवा जवळजवळ लावा, आणि वरचा टॉर्कचा हिशोब नव्याने मांडा. व्हीएफडीचं (वीजपुरवठ्याची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग बदलणारं यंत्र) कुणी सुचवलं तर लक्षात ठेवा: ५० हर्ट्झच्या खाली फेरे कमी होतात, पण गिअरसारखा टॉर्क वाढत नाही. फीडरला (एलिव्हेटरमध्ये माल सोडणाऱ्या यंत्राला) असं इंटरलॉक, म्हणजे एलिव्हेटरशी जोडलेलं कनेक्शन, द्या की एलिव्हेटर थांबला की माल येणं बंद व्हावं आणि एलिव्हेटर पूर्ण वेगात आल्यावरच पुन्हा सुरू व्हावं. एवढ्याने बूट तुडुंब भरणं बंद होईल.

आणि भरलेला पट्टा थांबल्यावर ड्रम उलटा फिरू नये म्हणून त्याच्या शाफ्टला होल्डबॅक (उलट फिरणं अडवणारा भाग) बसवा. वर्म उलटा फिरत नाही असं बरेच फिटर धरून चालतात, पण २० रेशोवर त्याची खात्री नाही, कंपनाने तो सुटू शकतो. बूटचं झाकण उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून कुलूप लावा आणि भरलेला पट्टा वरून बांधून घ्या.