चिंता, भीती आणि ‘अंहस्’

एका वाचकाने विचारले आहे की ‘पॅनिक अटॅक’ला मराठीत ‘भीतीचा झटका’ म्हणावे की ‘घबराटीचा झटका’, ‘अँग्झायटी’साठी ‘चिंता’ पुरेसा आहे का, आणि ज्याला असे झटके येतात त्याने घरच्यांना ते कोणत्या शब्दांत सांगावे.

आधी तक्रार नोंदवतो. तोंडी परीक्षेपूर्वी पोटात गोळा आला किंवा मोबाइल रिक्षात राहिला, तरी हल्ली ‘मला पॅनिक अटॅक आला’ असे बिनदिक्कत सांगितले जाते. धाकधूक, हुरहूर, घालमेल, धास्ती, धडकी अशी चढती भाजणी भाषेत तयार असताना हा शब्द खर्ची घालण्याचे कारण नाही. खरा झटका बहुधा ध्यानीमनी नसताना येतो आणि काही मिनिटांत टोकाला पोहोचतो. छाती धडधडते, दम कोंडतो, दरदरून घाम फुटतो, हातापायांना मुंग्या येतात आणि ‘आता आपण मरणार’ अशी माणसाची खात्री पटते.

‘चिंता’ या शब्दावर कोणी बोलू लागले की ‘चिता आणि चिंता यांत केवळ एका बिंदूचा फरक’ हे सुभाषित व्युत्पत्ती असल्याच्या थाटात ऐकवले जाते. ते सुभाषित म्हणून चांगले आहे. परंतु चिता ‘चि’ म्हणजे रचणे या धातूची आणि चिंता ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणे या धातूची, त्यामुळे दोघींचे नाते अनुस्वारापुरतेही नाही. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘दुश्चिंता’ असाही शब्द आढळतो. तो घडवणाऱ्यांना सुचिंता म्हणजे काय, हे विचारायला हवे. माझा आक्षेप मात्र निराळा आहे: चिंता डोक्यात चालते आणि ‘अँग्झायटी’ गळ्याशी येते.

हे मी अलंकारिक बोलत नाही. ‘अँग्झायटी’च्या मुळाशी लॅटिन ‘आंगेरे’, म्हणजे आवळणे, गळा दाबणे, हे क्रियापद आहे. जर्मन ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती आणि ‘एंग’ म्हणजे अरुंद, ही त्याचीच भावंडे. त्यांचे संस्कृतातील भावंड म्हणजे ‘अंहस्’. अमरकोशात हा शब्द पापाच्या पर्यायांत बसवलेला असल्याने अनेक टीकाकार अथर्ववेदातील ‘स नो मुञ्चत्वंहसः’ या पालुपदाचा अर्थ ‘तो आम्हांस पापापासून सोडवो’ असा करून मोकळे होतात. ही घाई आहे. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात मित्रदेव ‘अंहु’मधूनही, म्हणजे अडचणीच्या, चिंचोळ्या जागेतूनही, राहण्यासाठी ‘उरु’, म्हणजे प्रशस्त, वाट मिळवून देतो असे म्हटले आहे. तेथे अरुंद आणि ऐसपैस हाच विरोध आहे. पापपुण्याचा हिशेब नाही. त्यामुळे ‘मुञ्चतु’ हे क्रियापद मला आवळलेल्या गळ्याच्या सुटकेचे वाटते, पापक्षालनाचे नव्हे, आणि पापवाल्यांनी कितीही कोश पुढे केले तरी हे मत बदलणार नाही.

याच कुळातला ‘अंजायना’ही आहे. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने 1768 मध्ये छाती आवळणाऱ्या हृदयविकाराचे वर्णन करताना तो शब्द योजला. झटका आलेला माणूस पहिल्यांदा ईसीजी काढायला धावतो, तेव्हा तो या दोन भावंडांतच गोंधळलेला असतो, आणि पहिल्या वेळी त्याने धावावेच, कारण छातीतील दुखण्याचा निवाडा डॉक्टरांनीच करायचा असतो.

आता ‘भीती’. पाणिनीचे सूत्र आहे, ‘भीत्रार्थानां भयहेतुः’. भिण्याच्या क्रियापदाला ज्याचे भय तो हेतू पंचमीत लागतो. मराठीतही भीती सापाची, परीक्षेची, सासऱ्याची असते. झटक्यात हा हेतू बाहेर कोठेच सापडत नाही. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने 1986 मध्ये मांडले की तो हेतू शरीरातच असतो: धडधड जाणवली, ती मृत्यूची खूण वाटली, त्या भीतीने धडधड वाढली. जोरजोराने श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, म्हणून मुंग्या आणि गरगर. त्यांचेही भय वाटते. म्हणून श्वास सावकाश, लांबवत सोडावा, पळून न जाता लाट ओसरू द्यावी, आणि झटके वारंवार येत असतील तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलण्याचा ‘सीबीटी’ हा उपचार, आणि औषधे या दोहोंचा चांगला उपयोग होतो. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही आहे.

‘घबराट’ची अडचण अशी की ती पसरते, आणि पसरण्यासाठी जमाव लागतो. ज्याच्या नावावरून ‘पॅनिक’ आला तो ग्रीकांचा पॅन देव कळपांत आणि सैन्यांत जी पळापळ माजवी असे मानत, तिच्यासाठी हा शब्द चपखल आहे. रात्री दोन वाजता अंथरुणात एकट्याने उठून बसलेल्या माणसासाठी नाही. त्याच्यासाठी ‘जीव घाबरा होणे’ हा प्रयोग आहे, त्याला पंचमी लागत नाही आणि जमावही लागत नाही. पारिभाषिक शब्द हवाच असेल तर ‘घाबरेपणाचा झटका’ म्हणावे. घरी मात्र ‘अटॅक’ हा शब्द मुळीच उच्चारू नये, कारण आपल्याकडे ‘अटॅक आला’ याचा एकच अर्थ होतो आणि तो ऐकून आजीचाच जीव घाबरा होईल. ‘माझा जीव एकाएकी घाबरा होतो, छाती धडधडते, थोड्या वेळाने उतरते, तेवढा वेळ शेजारी बसा’ असे सांगावे. ‘घबराहट होते’ असे सांगू नये. ते हिंदी आहे.