आधी अस्तर उलटून बघा

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. डिसेंबरात ठाण्यात भाचीचं लग्न, हाताशी साठ हजार, आणि एखादी डिझायनर इव्हिनिंग बॅग घेतली तर ती गुंतवणूक ठरेल की पैसे पाण्यात जातील, ही शंका. मी पंधरा-सोळा वर्षं या बॅगा घेतेय, वापरतेय, दोन विकल्याही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परत विकून नफा होईल हा हिशेब आधी डोक्यातून काढून टाका. किंमत टिकवून धरणाऱ्या बॅगा मोजक्याच. एर्मेस आणि शनेल या फ्रेंच ब्रँडच्या काही ठराविक बॅगा, म्हणजे एर्मेसची बर्किन किंवा केली, शनेलची क्लासिक फ्लॅप, अशा. त्या लाखांच्या घरातल्या, आणि दिवसाही वापरता येतात म्हणून त्यांना मागणी असते. फक्त लग्नाला नि पार्टीला निघणाऱ्या क्लचला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या बॅगेला, गिऱ्हाईक कमीच. मी विकलेल्या दोन्ही निम्म्याहून कमी किमतीत गेल्या. पण वर्षाला पाच समारंभ धरले आणि बॅग वीस वर्षं टिकली, तर शंभर वेळा हातात येते. साठ हजारांची बॅग एका वेळेला सहाशे रुपयांना पडते. माझ्या लेखी गुंतवणूक ती हीच. आता वीस वर्षं टिकणं कशावर ठरतं, त्यावर बोलू.

घोडबंदर रोडला राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी मी एका बड्या परदेशी ब्रँडची काळी क्लच घेतली होती. बाहेरून अस्सल कातडं, शिवण सुंदर. मलमलीच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. कपाट नेमकं पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला लागून. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघडली तर बोटं आतल्या अस्तराला चिकटली. लिपस्टिकवर काळे कण, रुमालावर काळे कण, आणि गुळाच्या पाकासारखा चिकटपणा. बाहेरचं कातडं मात्र जसंच्या तसं. अस्तरावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, थर होता. हवेतल्या ओलाव्याने हा थर आतूनच विरघळत जातो, बॅग वापरा किंवा नुसती ठेवा. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, त्यामुळे थंड कोरड्या देशात जे बरीच वर्षं चालेल ते इथे लवकर संपतं. ब्रँडने हात वर केले. नौपाड्यातल्या एका बॅग दुरुस्त करणाऱ्या काकांनी अख्खं अस्तर काढून सुती सॅटीन लावून दिलं, आणि ती क्लच आजही माझ्याकडे आहे.

म्हणून दुकानात गेलात की नाव नंतर बघा, आधी अस्तर उलटून बघा. बकरीचं किंवा कोकराचं कातडं, रेशीम, सुती कापड असेल तर उत्तम. गुळगुळीत, रबरासारखं काही हाताला लागलं तर बॅग खाली ठेवा. सेकंडहँड घेणार असाल तर आत नाक घालून वास घ्या. बुरशीचा वास जात नाही. बॅग अस्सल असल्याचं नुसतं ऑथेंटिसिटी कार्ड दाखवलं म्हणून खात्री मानू नका, कार्डांचीही नक्कल होते. मूळ बिल मागा.

मग खटका. वीस वेळा उघडबंद करा. 'टक्' असा एकच आवाज यावा, दाबून बसवावा लागू नये. बिजागरी स्क्रूने बसवलेली असेल तर दुरुस्त होते, नुसती चिकटवलेली असेल तर नाही.

खड्यांच्या बॅगांबद्दल तुम्ही विचारलंय. त्यांची खरी उस्ताद म्हणजे बॅगा घडवणारी जूडिथ लीबर, मूळची बुडापेस्टची. १९६७ मध्ये तिच्या एका धातूच्या बॅगेचा मुलामा खराब निघाला, तो झाकायला तिने वर खडे लावले आणि तीच तिची ओळख झाली. हाताने एकेक खडा बसवलेल्या त्या बॅगा बघताना मी आजही हरखून जाते. पण त्या आपल्या बजेटच्या फार बाहेर आहेत, आणि त्या धर्तीच्या स्वस्त बॅगांचे खडे नुसत्या गोंदावर असतात. शिवाय साडीवाल्यांना एक धोका आहे. खडा जरा वर आला की पैठणीच्या पदराचा धागा त्यात अडकतो. माझ्या बहिणीच्या पदरावरच्या मोराची मान अशीच ओढली गेली. पैठणी नेसणार असाल तर गुळगुळीत धातूची किंवा कातड्याची घ्या.

साखळी हवीच. शनेलने फेब्रुवारी १९५५ मध्ये २.५५ नावाची साखळीची बॅग काढली ती हात मोकळे राहावेत म्हणून. आपल्याला तर अक्षता टाकायच्या, वाकून नमस्कार करायचा, बुफेचं ताट धरायचं. साखळी आत सरकवता येत असेल तर अजून छान. कव्हरसकट स्वतःचा फोन आणि आहेराचं एक पाकीट दुकानात घेऊन जा. पाकीट न दुमडता मावलं पाहिजे. निम्म्या बॅगा इथेच बाद होतात.

रंग माझ्या मते जुन्या सोन्याचा. पिवळाधमक सोनेरी जरीशी भांडतो. ब्लाऊजपीस नेऊन दुकानाच्या दारात, उजेडात लावून बघा. बाहेरून सॅटीनची बॅग टाळा. हळदीकुंकवाचं एक बोट लागलं की संपलं.

घरी आल्यावर प्लॅस्टिकमध्ये नको, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा. साखळी वेगळी गुंडाळून ठेवा, नाहीतर कातड्यावर वळ उठतात. आत वर्तमानपत्र कोंबू नका, शाई लागते. सिलिका जेलच्या पुड्या पावसाआधी बदला आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी बॅग तासभर पंख्याखाली ठेवा. अत्तर, सॅनिटायझर बॅग हातात घेण्याआधी.

साठ हजारांत कातड्याच्या अस्तराची, बिनलोगोची, एक नीट क्लच मिळेल. तुम्ही पाहून ठेवलेल्या दोन्ही बॅगांचे आतले फोटो टाका, बिजागरी आणि अस्तराचा कोपरा दिसेल असे. बघून लगेच सांगते.