सहाचा वर्ग आणि थोरल्या जाऊबाई

प्रिय मावशी,

मी ५८ वर्षांची. तीस वर्षं डोंबिवलीत काढली, नोकरीतून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी यजमानांबरोबर गावी, संगमेश्वर तालुक्यात, कायमची राहायला आले. योगशिक्षिकेचा कोर्स केलेला होता, म्हणून २१ जूनला वाडीच्या समाजमंदिरात बायकांसाठी सकाळी सहाचा मोफत वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी २७ जणी आल्या, सरपंचांनी फोटो काढले. पंधरा दिवसांत चौघी उरल्या, आता दोघी: एक नवी सून आणि एकट्या राहणाऱ्या एक आत्या.

रविवारी निसर्गावर गप्पा ठेवल्या. चिपळूणहून एका सर्पमित्राला बोलावलं, तर लाइट गेली आणि प्रोजेक्टर बंद. मागून कोणीतरी म्हणालं, 'साप आमाला काय दाखवताव, आमी रोज बघताव.' सगळे हसले.

थोरल्या जाऊबाई एकदाही आल्या नाहीत. सासू-सासऱ्यांचं त्यांनीच केलं, मला मान्य आहे. पण गिरणीवर चारचौघींत म्हणाल्या म्हणे, 'मुंबयवाली बाय आता आमाला श्वास घ्यायला शिकवनार!' मी इतकं मनापासून करते. एका काकूंना तर सांगितलं, तीन महिने प्राणायाम करा, बीपीची गोळी सुटेल. कोणाला किंमत नाही. यजमान म्हणतात, नसता उद्योग बंद कर. करू का?

— हिरमुसलेली

अगं, मी सत्तरी ओलांडलेली, तेव्हा तुला एकेरीच बोलते.

बाकी सगळं राहू दे, आधी त्या काकूंच्या गोळीचं बघ. तू ओघात लिहून गेलीस, पण मी त्या वाक्यावर अडकले. प्राणायामाने मन निवतं, झोप लागते, बीपीलाही थोडा हातभार लागत असेल. पण गोळी चालू ठेवायची की कमी करायची, हे डॉक्टर बीपी मोजून ठरवणार. काकूंनी तुझ्या भरवशावर गोळी सोडली आणि उद्या चुलीपुढे झोक गेला, तर काय करशील? सकाळी उठून त्यांच्या घरी जा आणि सरळ सांग, 'मी चुकीचं बोलले, गोळी सोडू नका.' उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचार, महिन्यातून एकदा समाजमंदिरात येऊन बायकांचं बीपी मोजाल का. आसनांसाठी पाय न उचलणाऱ्या बायका तेवढ्यासाठी येतील बघ.

आता वर्गाचं. मुहूर्त काढलास तो २१ जूनचा. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ मध्ये ठरवलेला योगदिन, डोंबिवलीला ठीकच आहे. पण तुझ्या गावात तेव्हा मृग सरून आर्द्रा लागतं. रोपं वर आलेली असतात, चिखलणीची घाई, टिलर आज कोणाकडे जाणार यावरून कुरबुरी, आणि जुलै उजाडला की लावणी. दिवसभर चिखलात, पाठीवर पाऊस घेत, कमरेत वाकून रोपं लावणाऱ्या बाईला तू पहाटे सहाला म्हणणार, 'हळूहळू पुढे वाका, हात पायांना लावा.' ती कशाला येईल गं? पहिल्या दिवशीच्या २७ जणी फोटोच्या आणि कुतूहलाच्या होत्या, त्यांना हजेरीत धरू नकोस.

आणि सहा वाजता बाई कुठे असते? पाणी भरायचं, गुरांचं बघायचं, पोराचा डबा, मग त्याला एसटीवर सोडायचं. ती दोघी-तिघींच्या हातची कामं एकटी उरकत असते.

आणखी एक गोष्ट तुला तोंडावर कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. समाजमंदिराच्या खिडक्या रस्त्याकडे असतात. तुझ्या अंगात ट्रॅकपँट. त्यांच्या अंगात साडी. लादीवर उताणं पडून पाय वर करायचे आणि खिडकीतून दूधवाला, वायरमन, कोणाचा तरी दीर जाणार. मीसुद्धा आले नसते.

लावणी आटपली की श्रावणात बायकांना दुपारी साडेतीनच्या सुमाराला तासभर मोकळा मिळतो. तेव्हा घे. खिडक्यांना जुनी लुगडी बांध. योगामॅट कोणाला आणायला लावू नकोस, गोधडी प्रत्येकीच्या घरात आहे आणि पावसाळ्यातल्या गार लादीवर तीच बरी. पुढे वाकायची आसनं सध्या बाजूला ठेव. भिंतीला पाठ लावून उभं राहणं, हात वर ताणणं, मग उताणं पडून गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी. लावणीनंतर कंबर धरलेल्या बाईला असं दहा मिनिटं नुसतं पडू दे. कोणी घोरायला लागली तर उठवू नकोस. नंतर चहा झालाच पाहिजे, आणि त्या गप्पांना वर्गाचाच वेळ समज.

निसर्गाच्या गप्पांचं तू फार मनाला लावून घेतलंस. मागून बोललेला तो माणूस अर्धा बरोबर होता. कातळावर दगडाआड बसलेलं फुटा-दीड फुटाचं फुरसं, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज करणारं, त्याला स्लाइडवर दाखवायची गरज नाही. पण चावल्यावर काय करायचं, हे त्याला माहीत असेलच असं नाही. अजूनही आधी भगताकडे नेतात, घट्ट दोरी आवळतात, ब्लेडने कापतात, साप मारून पिशवीतून दवाखान्यात आणतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच चालतं, साप नेण्याचं कारणच नाही. आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा ना धड दुखतं ना सूज येते. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, घरचे म्हणतात पित्त झालं. एवढंच सांगायला लाइट कशाला हवी? कंदिलात सांग, उलट जास्त ऐकतील.

तुमच्याच हायवेवरचं महाड घे. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावून धडधाकट माणसं जात होती. ते रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले, मग प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर देऊन पाहिलं आणि माणसं वाचायला लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट सांग. तुझ्या वाडीतल्या म्हाताऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात त्या काळी विंचवाने माणूस गेलेलं असेल, पुढचं तेच बोलतील.

शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे तुमच्या ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती कोणीतरी बाहेरून येऊन भरून दिलेली असते आणि कपाटात पडून असते. ग्रामसेवकांकडून मागून घे, एका रविवारी नुसती नावं मोठ्याने वाच. 'हे झाड आपल्याकडे कुठाय?', 'ह्याला असं नाही म्हणत', 'वरच्या सड्यावरचं राहिलंच की!' अशी झुंबड उडेल. तू पेन घेऊन बस आणि लिहून घे. वक्त्याला चिपळूणहून यायचं भाडंही वाचेल.

आता जाऊबाई. तुझं खरं दुखणं तेच आहे, २७ च्या दोघी झाल्या हे नाही. पत्रात लिहितेस, 'सासू-सासऱ्यांचं त्यांनीच केलं, मला मान्य आहे.' हे मान्य आहे, ते त्यांना कधी सांगितलंस का? तीस वर्षं तू गणपतीला आणि शिमग्याला आलीस, चाकरमान्यांसारखी. पेटारे भरून खाऊ आणलास, त्याबद्दल तुझं कौतुक झालं, आणि गौरी-गणपती आटपल्यावर मागे राहिलेली भांडी त्यांनी घासली. सासऱ्यांना कुशीवर वळवणं, रात्रीचं भांडं देणं, भात कापणीला गडी मिळवणं, सगळं त्यांच्या गळ्यात. आणि आता तू येऊन वर्षाच्या आत गावच्या बायकांना आरोग्य शिकवायला उभी. गिरणीवर बोलल्या तेवढ्यावरच थांबल्या, हा त्यांचा चांगुलपणा.

तुझ्या डोक्यात लगेच येईल, त्यांनाच रानभाज्यांवर बोलायला बोलवू, शाल-श्रीफळ देऊ. मुळीच नको. तो सत्कार तुझ्याच कार्यक्रमाचा होईल. एखाद्या दिवशी पाऊस उघडला की त्यांच्याबरोबर भारंगी काढायला सड्यावर जा. कोवळा पाला कुठवर खुडायचा, कडूपणा जायला उकडून पाणी किती पिळायचं, वाल कधी टाकायचे, विचार आणि त्या सांगतील तसं कर. वर्गाचा विषय काढू नकोस. बोलायचंच झालं तर आत्यामामंजींच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचार, तू तिथे नव्हतीस तेव्हाचं. त्या चिडतील, कदाचित टाकून बोलतील. ऐकून घे आणि खुलासे देऊ नकोस. त्यानंतर त्या वर्गाला आल्या तर आल्या, नाही आल्या तर भारंगीची भाजी तरी शिकशील.

यजमानांना समाजमंदिराची किल्ली सांभाळायला दे आणि चहाचं सामान आणायला लाव. नसता उद्योग म्हणणारी माणसं किल्ली हातात आली की बदलतात, आमच्या घरी अनुभव आहे.

बंद करायचं म्हणशील तर नको. ती नवी सून सकाळी सहाला येते, ती आसनांसाठी येत असेल असं मला वाटत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलीला घराबाहेर एक तास, तोही सासूच्या परवानगीने, बाकी कुठे मिळतो? वेळ दुपारची करायच्या आधी तिला एकटीला विचार, दुपारी घरून सोडतील का. नाही म्हणाली तर तिच्यासाठी आणि आत्यांसाठी आठवड्यातून दोन दिवस सहाचाच ठेव.

पण हे सगळं नंतर. उद्या सकाळी आधी काकूंकडे, गोळीचं सांगायला.

— मावशी