साच्यातून शॉर्टब्रेड अख्खं कसं काढायचं?

प्रश्न: मुलगी स्कॉटलंडला शिकते, तिने येताना शॉर्टब्रेडचा, म्हणजे तिकडच्या बटरच्या खुसखुशीत बिस्किटाचा, सिरॅमिकचा साचा आणलाय, मधे थिसलच्या काटेरी फुलाची नक्षी आहे. बटर फासते, वर मैदा भुरभुरते, तरी फूल साच्यातच चिकटून राहतं आणि कडेकडेचे तुकडे तेवढे हातात येतात. प्रमाण चुकतंय का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, प्रमाण चुकण्यासारखं त्यात काही नाहीच, वजनाने एक भाग साखर, दोन भाग बटर, तीन भाग मैदा, झालं. गडबड आहे ती साच्याला काय लावताय आणि तो पालथा कधी घालताय यात.

बटर-मैदा लावणं आधी बंद करा. बटरमधले दुधाचे कण नक्षीच्या खाचांमधे करपून धरून बसतात आणि वरचा मैदा तिथेच थापला जातो. पीठ भुरभुरायचं ते लाकडी साच्याला, कारण त्यात नुसता आकार देतात आणि भाजायच्या आधीच बाहेर काढतात. सिरॅमिकला वास नसलेलं तेल मऊ ब्रशने प्रत्येक खाचेत फिरवा आणि जास्तीचं टिश्यूने टिपून घ्या, तेल साचलेलं दिसता कामा नये. आणि घरचं लोणी वापरत असाल तर त्यात पाणी बरंच राहतं, पीठ चिकट होतं, म्हणून यासाठी विकतचं अनसॉल्टेड बटरच घ्या. बेकिंग पावडर अजिबात नको, फुगलं की नक्षी गेली.

फक्त फूलच अडकतंय म्हणजे माझ्या मते मधला भाग कच्चा राहतोय. सिरॅमिक हळूहळू तापतं, कडा गुलाबी झाल्या की आपल्याला वाटतं झालं, पण मधे अजून ओलंच असतं. पीठ मधून कडेकडे घट्ट दाबत जा, सगळीकडे एकसारखी जाडी ठेवा, काट्याने टोचे मारा आणि 160 ते 165 डिग्रीला अर्धा तास तरी भाजा, जाड असेल तर 40 मिनिटंही लागतात. मधेही हलका बदामी रंग यायला हवा.

बाहेर काढल्यावर दहाएक मिनिटं थांबा, खरं सगळं इथेच ठरतं. लगेच उलटलं तर मऊ असतं म्हणून मोडतं आणि पार गार होऊ दिलं तर बटर थिजून साच्याला धरतं. साचा कोमट-गरम असतानाच कडेने पातळ सुरी फिरवा, लाकडी पाटावर पालथा घाला, एक कड पाटावर हलकेच आपटा, सुटतं. सुटलं की लगेच काप पाडा, गार झाल्यावर सुरी लावली की भुगा होतो.

विसरून गारच झालं तर ओढाताण करू नका, साचा बंद ओव्हनमधे ठेवून मग मंद आचेवर ओव्हन लावा, बटर सैल झालं की परत उलटा. गार साचा तापलेल्या ओव्हनमधे मात्र कधीच ढकलू नका, तडकतो, आणि लेकीने एवढ्या लांबून आणलेला साचा परत कुठे मिळणार!