परागंदा, वसाहत की डायस्पोरा?

विचारणा अशी: एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुएनिया या बाल्टिक देशांतल्या आर्मेनियन लोकांबद्दलचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात पदोपदी येणाऱ्या 'डायस्पोरा'साठी, म्हणजे मायदेशाबाहेर विखुरलेल्या समाजासाठी, 'परागंदा समाज' म्हटलेलं चालेल का?

व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर याहून नेमका शब्द सापडणार नाही. 'परागंदा' फारसीतून आला. तिथे 'पराकंदा' म्हणजे विखुरलेला. ग्रीक 'डायस्पोरा'च्या मुळाशी बी विखरून टाकणं आहे. खुद्द आर्मेनियन माणूस जगभरच्या आपल्या लोकांना 'स्फ्युर्क' म्हणतो, आणि तो शब्दही पसरणे, विखुरणे या अर्थाच्या क्रियापदाचा सोयरा आहे. तिन्ही भाषांना एकच चित्र सुचावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण मराठीत आल्यावर या शब्दाला दुःख चिकटलं. दुष्काळाने किंवा स्वारीने रयत परागंदा होते. कर्जापायी रातोरात गाव सोडणारा परागंदा होतो. घर सुटलं आणि नाइलाजाने सुटलं, हे त्यात गृहीतच असतं. ऑटोमन तुर्कस्तानातल्या 1915च्या आर्मेनियन नरसंहारातून वाचून सीरिया-लेबनॉनकडे गेलेल्यांना तो पुरेपूर लागू पडतो. बाल्टिक देशांतल्या सगळ्यांना मात्र नाही.

तिथली एक जुनी आणि ठळक पाऊलखूण विद्यार्थ्याची आहे. 1829 साली दोर्पात विद्यापीठातले प्राध्यापक फ्रिडरिश पारोट अरारात पर्वत चढले, तेव्हा खाचातुर अबोव्यान हा आर्मेनियन तरुण त्यांच्यासोबत होता. पारोट यांच्यामुळे तो 1830 साली दोर्पातला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूला, शिकायला गेला आणि 1836 साली मायदेशी परतला. पुढे ग्रंथांतली जुनी भाषा बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत कादंबरी लिहिणारा तो हाच. त्याला परागंदा कसं म्हणायचं?

सोव्हिएत काळात आलेल्यांचंही तसंच. शिक्षण, नोकरी, लष्करातली बदली अशा कारणांनी माणसं आर्मेनियाची राजधानी येरेवानहून एस्टोनियातल्या टालिनला किंवा लाटव्हियातल्या रीगाला आली, तेव्हा राज्य एकच होतं. 1991 साली ते मोडलं आणि ही माणसं बसल्या जागी परदेशात गेली! आर्मेनियातल्या 1988च्या डिसेंबरातल्या भूकंपामुळे किंवा अझरबैजानमधल्या आर्मेनियनविरोधी हिंसाचारामुळे ज्यांना घर सोडावं लागलं, त्यांच्यासाठी 'परागंदा' जरूर वापरा. सरसकट नको.

'वसाहत' हा पर्यायही सुचवला गेला आहे. आर्मेनियनमध्ये 'गाघुत' असा शब्द आहे. परमुलखातल्या आपल्या वस्तीला ते तो वापरतात. मूळ सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतलं, हिब्रू 'गालुत'चं भावंड, अर्थ हद्दपारी. हद्दपारीचा शब्द वस्तीचा झाला, एवढी ती माणसं परक्या जागी रुजली. मुंबईत फोर्टमध्ये ज्यांचं चर्च उभं आहे त्या आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या जुन्या वस्तीला मी 'वसाहत' म्हणेन. आजच्या रीगातल्या लोकांना नाही. मराठी वाचकाला त्यात एक तर साम्राज्य दिसेल, नाही तर गृहनिर्माण संस्था.

मला वाटतं, खरी गफलत वेगळीच आहे. 'स्फ्युर्क' हे सगळ्या विखुरलेल्यांचं मिळून नाव. एका गावातल्या किंवा देशातल्या लोकांना आर्मेनियनमध्ये 'हमाय्न्क' म्हणतात, म्हणजे सरळ 'समाज'. इंग्रजी मजकूर दोन्हीकडे 'डायस्पोरा' लिहितो आणि आपण अडतो. म्हणून जगभरच्यांसाठी 'पांगलेला आर्मेनियन समाज' लिहा. पाखरं पांगतात, ढग पांगतात. का पांगले याचा निवाडा हे क्रियापद करत नाही. एका देशापुरतं 'एस्टोनियातला आर्मेनियन समाज' पुरे.

जाता जाता नावांविषयी. पूर्व आर्मेनियनमध्ये, म्हणजे येरेवानकडच्या बोलीत, प, ब, फ हे तिन्ही आवाज आपल्यासारखेच वेगळे आहेत; त, द, थ आणि क, ग, ख यांचंही तसंच. पश्चिम आर्मेनियनमध्ये त्यांची उलटापालट झाली. त्यामुळे येरेवानकडचा 'पेत्रोस' बैरूतकडे 'बेद्रोस' होतो, 'ग्रिगोर'चा 'क्रिकोर'. बाल्टिक देशांतले बहुतेक आर्मेनियन पूर्वेची बोली बोलणारे, तर बाल्टिक समुद्रापलीकडच्या स्वीडनमध्ये लेबनॉन-सीरियाकडून आलेली घरंही आहेत. तुमच्या मजकुरात टालिनचा पेत्रोस असेल तर त्याला पेत्रोसच राहू द्या, आणि स्वीडनमधल्या उप्सालाचा बेद्रोस आला तर त्याला बेद्रोस.