बाबांचा आवाज आणि सकाळची फर्स्ट शिफ्ट

प्रश्न : मावशी, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले. गेल्या वर्षी गेले. १९६९च्या गोदावरीच्या महापुरात दुतोंड्या मारुतीची मूर्ती कशी बुडाली, असल्या त्यांच्या गप्पा मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. रात्री लॅपटॉपवर हळू लावल्या की मला झोप लागते. यांना सातपूरला फर्स्ट शिफ्ट. "बंद कर ते!" म्हणून खेकसतात. मग मी लॅपटॉप गोधडीत घेते. माझ्या बाबांचं यांना काहीच नाही का?

उत्तर : पत्र वाचून गलबलून आलं गं. पण गोधडीचं वाचलं आणि धस्स झालं. ते आधी थांबव. गरम हवा बाहेर पडायच्या जाळ्या बंद होतात, लॅपटॉप तापतो. शिवाय बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. गादीत आवाज दबतो, म्हणून तू तो वाढवतेस. त्यापेक्षा तुझ्या उशाशी स्टूल ठेव, त्यावर लॅपटॉप. कानाजवळ आला की कमी आवाजही पुरतो.

बटणाने विंडोजचा आवाज दोन-दोनने उतरतो आणि रात्रीच्या शांततेत २ सुद्धा मोठा वाटतो. व्हीएलसी प्लेअरवर लावत असशील तर त्याचा स्वतःचा आवाज वेगळा असतो. तो २०-२५वर आण, मग विंडोजचा हवा तेवढा ठेव. दोन्हींचा गुणाकार होतो, त्यामुळे अगदी कुजबुजीइतकं खाली जाता येतं. बाबा हळू बोलतात आणि मध्येच ठसका किंवा भांड्याचा आवाज दणकतो, हो ना? यांची झोप त्यानेच मोडत असणार. व्हीएलसीच्या ऑडिओ इफेक्ट्समध्ये 'कॉम्प्रेसर' आहे, तो चालू केलास की असे दणके दबतात. रिपीट बंद ठेव आणि मीडिया मेनूत यादी संपली की बंद व्हायची सोय आहे, तिच्यावर टिक कर. नाहीतर तू झोपलीस तरी बाबा रात्रभर बोलत राहतात आणि ऐकणारे हे एकटे.

आता यांच्याबद्दल. पहाटे उठायचं असलेल्या माणसाला धड ऐकू न येणारी कुजबुज फार छळते. शब्द कळत नाहीत आणि कान तर तिथून हटत नाही. तो आवाज कोणाचा आहे हे तू त्यांना सांगितल्याचं पत्रात कुठेच नाही. मला वाटतं, त्यांना ते यूट्यूबवरचं काहीतरी वाटतंय. तू लपवून ऐकतेस, ते चिडतात, आणि बाबांचा विषय तुम्हा दोघांत निघतच नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं. रविवारी चहा झाल्यावर त्यांना शेजारी बसव आणि ती पुराची गोष्ट मोठ्या आवाजात लाव. रडू आलं तर येऊ दे, त्यांच्यासमोरच.

आणि हो, हे सगळं रेकॉर्डिंग त्या एकाच लॅपटॉपवर असेल तर पेनड्राइव्हवर कॉपी करून माहेरी ठेव. आजच कर.